सरळ चाकोरी

काल अवजारांच्या पेटीच्या तळाशी दोन्ही टोकांना उलटसुलट आटे पाडलेली लोखंडी नळी सापडली आणि जानेफळच्या रस्त्यावरचं माझं पत्र्याचं वर्कशॉप डोळ्यांपुढे उभं राहिलं. महाराष्ट्र राज्य तेव्हा नवं होतं. आमच्या डॉक्टरांनी हौसेनं आणलेली दोन माणसांची जुनी विलायती स्पोर्ट्सकार खड्ड्यात आपटली, पुढची चाकं धरणारे आर्म वाकले, आणि सुटे भाग मिळणं तर अशक्यच. ट्रॅक्टरला नांगर जोडणारी लिंक फिरवली की लांब-आखूड होते. तशाच उलटसुलट आट्यांच्या नळ्या घालून मी आठ दिवस लेथवर खपून आर्म बनवले. तरी गाडी उजवीकडे ओढायचीच. डॉक्टरीणबाईंनी तर बजावलंच होतं, "आज सरळ चालली नाही, तर द्या भंगारात!" मी ओळंबा लावून लावून थकलो. तेवढ्यात पेरणीच्या तिफणीचे फण नीट करायला आलेला एक म्हातारा शेतकरी धुळीत उमटलेल्या चाकोऱ्यांपाशी उकिडवा बसला आणि म्हणाला, "मिस्त्री, डावं चाक आत कलून राह्यलं." मी चिडूनच विचारलं, "तुमाले कसं कळलं, बाबा?" "आतली कड जास्त रुतली ना बाप्पा!" मी डाव्या चाकाचा खालचा आर्म अर्धा आटा आत घेतला, तसं चाक उभं झालं. डॉक्टरांच्या शेजारी डॉक्टरीणबाई बसल्या, गाडी धुरळा उडवत सरळ गेली, आणि म्हातारा चाकोरी न्याहाळून म्हणाला, "हाव, तास सरळ पडला, आता पेरा!" नातवाच्या गॅरेजात आज चाक किती कललं हे माप पडद्यावर दिसतं, पण गाडी बाहेर पडली की मी आधी धुळीत पाहतो, आणि मगच म्हणतो, "पेरा!"