क्लॅरिनेटचं हसू

आमच्या नाटक कंपनीत वादकांसाठी स्टेजसमोर खड्डा खणत. मागच्यांना नट दिसावेत म्हणून आम्ही गळ्यापर्यंत जमिनीत. त्या साली दुष्काळानं परंड्याची जमीन इतकी कडक झालेली की पहारी वाकल्या, पण खड्डा काही खोल गेला नाही. खाली बसलो तरी डोकी वर. "आज दगुड आला तर पयला आपल्याच डोस्क्यात," शेजारी बसलेले मामा म्हणाले.

मामांनीच मला क्लॅरिनेट शिकवली. शिकवताना पाठ फोडून काढली, पण तोंडाला कधी हात लावला नाही. समोरचे दात गेले की क्लॅरिनेटवाला संपला, हे आमच्या घरात पोरंसुद्धा जाणत. क्लॅरिनेटला माणसासारखं रडवायचं आणि हसवायचं, ही त्यांची खासियत. रडवणं मला लवकर जमलं. हसवायला वर्षं गेली.

बाजारच्या दिवशी दुपारचा खेळ होता. सोंगाड्या म्हणाला, "आमच्या गावात टँकर रोज येतो, धूळ शिंपडून जातो!" मी क्लॅरिनेट खदखदून हसवली आणि सगळा तंबू हसला. नेमका टँकरचा मालक पहिल्या रांगेत खुर्ची टाकून बसलेला. सोंगाड्या उंचावर, आम्ही मालकाच्या पायाशी. मालकाचा माणूस काठी घेऊन खड्ड्यावर आला.

"कोन हसलं रं?"

"सगळेच हसले की," मी म्हणालो.

पहिली काठी ढोलकीवाल्याच्या खांद्यावर बसली. दुसरी माझ्या तोंडावर येत होती. मामांनी मला मानेला धरून खाली दाबलं आणि स्वतः मध्ये आले. सुपारी फुटावी तसा आवाज झाला. माझं डोकं फिरलं. त्या माणसाचा पाय ओढून मी त्याला खड्ड्यात पाडला आणि बुक्क्यांनी बडवून काढला. लोकांनी ओढलं नसतं तर जीवच घेतला असता. मला त्याची आजही लाज वाटत नाही.

मालक खुर्चीवरच होता, पान चघळत. मामा रक्त थुंकले, त्यात दात होते.

"तुजं त्वांड शाबूत हाय न्हवं?"

"व्हय, मामा."

"मग हसव पुन्यांदा. त्याच्याकडं बघून."

मी उभा राहिलो आणि मालकाच्या तोंडासमोर क्लॅरिनेट हसवली. आधी मागून कुणीतरी खिदळलं, मग अख्खा तंबू. मालक उठून चालता झाला.

मी मामांकडे वळलो. खेळ अजून अर्धा बाकी होता. एका हातानं तोंडावर पंचा दाबून मामा दुसऱ्या हातानं आपली क्लॅरिनेट सुटी करून पेटीत ठेवत होते.