मानलेलं माहेर

सिद्धोधन वायरमन म्हणून आमच्या गावात आला, तेव्हा त्याला खोली मिळेना. देवगाव फाट्यापासून आत असलेलं आमचं गाव लहान आहे, खोल्या भाड्यानं देण्याची फारशी पद्धत नाही. शिवाय त्यानं नाव सांगितलं की समोरच्याला पुढचं काही विचारायची गरज पडत नसे. ‘भावाला विचारून सांगतो’, ‘कडबा ठेवलाय तिथं’ अशी उत्तरं ऐकत तो सेलूहून ये-जा करत राहिला. शेवटी माझ्या घरासमोरच्या धुरपताबाईंनी त्याला अंगणाकडची खोली दिली. त्यांच्या भावकीतल्या एकानं पारावरून टोमणा मारला, तर रस्त्यात उभं राहून त्यांनी ऐकवलं, “लाईट गेली की त्यालाच फोन करता, तवा जात इचारता का? मग मी खोलीला कशाला इचारू?”

मला त्या दिवशी धुरपताबाईंचा फार अभिमान वाटला होता.

पुढं त्याची बायको रोहिणी आली. भंडाऱ्याकडची, धानाच्या मुलखातली, आणि पाचवा महिना लागलेली. नवऱ्याशिवाय ओळखीचं कुणी नाही. ज्वारीच्या पिठाचा तिला धाकच होता. परातीवर तिचा हात असा भीतभीत पडायचा, की धुरपताबाई म्हणायच्या, “भाकरी थापायलीस का डास मारायलीस?”

“शिकून राहिली ना, मावशी.”

“राहू नको, शीक!”

दोघी हसायच्या आणि मला ते समोरच्या ओट्यावर ऐकू यायचं.

बाळंतपण आलं ते आषाढात. तिकडं धानाची रोवणी चालू, त्यामुळं रोहिणीच्या आईला शेत सोडून येता येईना. सेलूच्या दवाखान्यात रोहिणीच्या उशाशी बसल्या त्या धुरपताबाई. घरी आल्यावर बाज, शेगडी, तेल लावून अंघोळ, डिंकाचे लाडू, सगळं त्यांनीच केलं. स्वतःच्या सुनेचं, प्रियांकाचं, बाळंतपण तिच्या आईकडं झालेलं, त्यामुळं हौस राहिली होती असं त्या सांगायच्या. पोरीचं नाव संघप्रिया ठेवलं. त्या दिवशी बुद्धवंदना झाली तेव्हा धुरपताबाई हात जोडून शेवटपर्यंत बसल्या. नाव मात्र त्यांच्या जिभेवर बसेना, त्या ‘संगू’च म्हणत. आणि रोहिणीच्या तोंडातली ‘मावशी’ तेव्हापासून ‘आई’ झाली. कुणी गाव विचारलं तर ती आमच्या गावाचं नाव सांगू लागली.

अंगणवाडीच्या सेविका सरजाबाई. त्यांचे गुडघे गेलेले. पोरीला खेळायला म्हणून रोहिणी तिथं जाऊन बसायची आणि बसल्या बसल्या तिनं सगळं हातात घेतलं. कुणी सांगितलं नव्हतं, कुणी पगारही देत नव्हतं. रडणारं पोर तिच्या मांडीवर जाऊन गप्प व्हायचं. गावातली लेकरं घरी येऊन ‘मी जेवून राहिलो’, ‘बकरी येऊन राहिली’ असं बोलू लागली. आयांना हसू यायचं, पण लेकरू आता रडत जात नाही याचं समाधान जास्त होतं.

सरजाबाई निवृत्त झाल्या. बारावी झालेली, गावात राहणारी बाई हवी होती. सगळे म्हणाले, आता रोहिणीच. धुरपताबाईंनी तर अर्ज द्यायला निघताना तिच्या हातावर दही ठेवलं. अर्जाला काय काय जोडावं लागतं हे त्याच सुमारास प्रियांकानं तिला विचारून घेतलं होतं, माहेरच्या एका मुलीसाठी म्हणून. रोहिणीनं अगदी बसून समजावून दिलं.

मग तालुक्याहून एक मॅडम चौकशीला आल्या. रोहिणी गावची रहिवासी नाही अशी कुणीतरी हरकत घेतली होती. अंगणवाडीच्या सतरंजीवर बसून मॅडमनी दोन्ही अर्जदारांची नावं वाचली, तेव्हा आम्हाला कळलं की दुसरं नाव प्रियांकाचं आहे.

रोहिणीनं वळून प्रियांकाकडं पाहिलं. प्रियांका सतरंजीचा दोरा काढत बसली होती.

“घरमालक कोण?” मॅडमनी विचारलं.

धुरपताबाई पुढं झाल्या.

“ही बाई तुमच्याकडं कायम राहते का?”

“भाड्यानं हायत. नवरा असतो हितं. ही आपली येऊन-जाऊन.”

“हिची मुलगी कुठं झाली?”

“तिकडंच, माहेरी. मोठी करून आणली.”

संघप्रिया आईच्या कडेवर होती. ओळखीचा आवाज ऐकून तिनं दोन्ही हात पुढं केले. धुरपताबाईंनी तिच्याकडं पाहिलं नाही.

मी उठलो. म्हणालो, “मॅडम, मी समोरच राहतो. ही पोर सेलूला झाली. बाळंतपणाला ह्याच बाई होत्या.”

“गुरुजींचं वय झालंय आता,” धुरपताबाई म्हणाल्या.

कुणीतरी हसलं. बाकीच्या बाया गप्प होत्या. बारशाच्या घुगऱ्या खाल्लेल्याही गप्प होत्या. घरमालकिणीच्या जबाबावर अंगठा घेऊन मॅडम गेल्या.

संध्याकाळी सिद्धोधननं मला बोलावलं. पोरीचा जन्माचा दाखला त्यानं पेटीतून काढून ठेवला होता. हा उद्या सेलूला नेऊन दिला की झालं, असं तो म्हणत होता. रोहिणी भिंतीला टेकून बसली होती.

“गुरुजी,” ती म्हणाली, “जातीवरून बोलल्या असत्या तर मले समजलं असतं. त्याची सवय आहे. पण ह्यांनी माझं बाळंतपणच खोटं केलं.”

इतक्यात धुरपताबाई दाराशी आल्या. आत आल्या नाहीत, उंबऱ्यावर बसल्या. आपल्याच खोलीच्या उंबऱ्यावर.

“पोरी, तो कागद नेऊ नको. गावात मी खोटी पडंल.”

धुरपताबाई पुढं सांगू लागल्या.

“प्रियांका गोपाळच्या मागं लागलीय, पुण्याला चला म्हणून. हितं काम लागलं तर राहते म्हणली. एकच ल्योक हाय मला. ते गेले की घर खायला उठंल गं माय.”

“मग मले आधी काऊन नाही सांगितलं?” रोहिणी म्हणाली. “मी अर्जच केला नसता. तुमाले माहीत नव्हतं का हे?”

“माहीत होतं.”

“मग?”

धुरपताबाई खालच्या मानेनं म्हणाल्या, “तुला मागायची लाज वाटली.”

“खोटं बोलायची नाही वाटली?”

त्या उठून गेल्या. रोहिणीनं दाखला घडी करून सिद्धोधनच्या खिशात ठेवला.

दाखला सेलूला पोचला आणि नेमणूक रोहिणीलाच मिळाली. गोपाळ आणि प्रियांका दिवाळीनंतर नातवाला घेऊन पुण्याला गेले. प्रियांकाला काम लागलं असतं तरी ते गेले असते, असं मला वाटतं, पण धुरपताबाईंना तसं वाटत नाही. अजून त्या माझ्याशी नीट बोलत नाहीत.

खोली सोडा असं रोहिणीला कुणी म्हटलं नव्हतं. तिनंच सोडली. बौद्धवाड्यात सुलाबाईंच्या शेजारची पत्र्याची खोली मिळाली. सामान नेलं त्या दिवशी भांड्यांची एक पिशवी घेऊन मीही गेलो. धुरपताबाईंच्या घराचं दार लोटलेलं होतं. आत चुलीचा धूर होता, म्हणजे त्या घरातच होत्या. संघप्रियानं ‘आजी’ म्हणून हाक मारली. रोहिणी थांबली नाही.

सुलाबाई मजुरीला जाणाऱ्या, तोंडानं फटकळ. कमरेवर हात ठेवून त्यांनी सामानाकडं पाहिलं.

“इतकी वर्सं गावात राहून आज आमची आठवण झाली व्हय? तिथली सावली लय गार होती वाटतं!”

सिद्धोधन ओशाळून हसला. रोहिणी पातेली उतरवत होती. तिचा चेहरा पाहून सुलाबाईंचा आवाज खाली आला.

“जाऊ दे. हितं कोण हाय तुला? मला आई म्हण.”

“नको,” रोहिणी म्हणाली. “सुलाबाईच म्हणते.”

मला वाटलं, आता ह्या चिडणार. पण त्यांनी तिच्याकडं क्षणभर नीट पाहिलं.

“म्हण बाई. नावानं हाक मारली म्हणून काय पाणी द्यायची न्हाई का मी?” असं म्हणत त्यांनी आपल्या नळाची नळी ओढत आणली आणि रोहिणीच्या रिकाम्या पिंपात सोडली.