कळलं नाही तिथं फुली

किस्से मुद्दाम गोळा करावे लागत नाहीत. कोथरूडच्या एका फ्लॅटमध्ये दोन निवृत्त माणसांना ‘तत्त्वज्ञान सोपं करून सांगू’ म्हणत बसवा, वॉशिंग मशिनमागं मोजे साठतात तसे किस्से साठतात. मी तिथं वर्षभर आहे. हसत सांगतोय खरं, पण त्यातला अर्धा काळ मी घाबरून काढला, हेही आत्ताच सांगून टाकतो.

*

देव सर कॉलेजात तीस वर्षं तत्त्वज्ञान शिकवून गेल्या वर्षी निवृत्त झाले. बापट मॅडम शाळेत मराठी शिकवून. दोघं मिळून सामान्य माणसासाठी छोट्या पुस्तिका काढतात. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा सरांनी विचारलं,

“शिक्षण?”

“एम. ए. तत्त्वज्ञान. पहिल्या वर्षी सोडलं.”

“का?”

“कळत नव्हतं.”

“कोण शिकवायचं?”

“तुम्ही!”

मॅडम म्हणाल्या, “ठेवून घ्या. असाच माणूस हवा होता.”

काम एकच. मजकूर वाचायचा आणि कळलं नाही तिथं लाल पेन्सिलीनं फुली मारायची.

*

सरांचं पहिलं प्रकरण. पहिल्याच वाक्यावर फुली.

“यात न कळण्यासारखं काय आहे?”

“वाक्य संपत नाही, सर.”

“संपतं की. पान उलट!”

*

मी म्हटलं, घरातलं उदाहरण द्या. सरांनी लिहिलं, ‘समजा, आपली कामवाली बाई अचानक सुट्टी मागते. द्यावी की न द्यावी, हा नैतिक पेच.’

फुली.

“आता काय अडलं?”

“पेच कुठंय? द्यायची की!”

स्वयंपाकघरातून पोळ्या करणाऱ्या मावशींचा आवाज आला, “मला शुक्रवारी हवीय हो!”

*

सोसायटीच्या हॉलमध्ये सरांचं व्याख्यान होतं, ‘मृत्यूला का घाबरू नये’. श्रोते बहुतेक सत्तरीच्या पुढचे. सरांनी पाऊण तास ठणकावून सांगितलं. शेवटी पहिल्या रांगेतले एक आजोबा उठले.

“आपण स्वतः घाबरत नाही?”

“गोळ्या वेळेवर घेतो,” सर म्हणाले.

तेवढ्याच वाक्याला टाळ्या पडल्या! मी म्हटलं, हे पुस्तिकेत घ्या. तर म्हणाले, “छे, ते तत्त्वज्ञान नाही.” या पिढीचं हेच आहे. खरं बोलतात ते छापत नाहीत आणि छापतात ते स्वतःच्या घरात चालवत नाहीत.

*

सहा-सात महिन्यांनी एक भयंकर गोष्ट झाली. मला कळायला लागलं!

फुल्या कमी झाल्या. वारज्याहून बसनं येताना एकच विचार, आज एकही फुली निघाली नाही तर? न कळणारा म्हणून ठेवलेला माणूस मी. कळायला लागल्यावर माझं काय काम? आणि इथून हललो की घरीच. घरी मी म्हणजे फक्त ‘कॉलेज अर्धवट सोडलेला’. बाबा दोन वर्षं माझ्याशी थेट बोललेले नाहीत. मी समोर बसलेला असतो आणि ते आईला सांगतात, “त्याला म्हणावं, पाण्याची मोटर लाव.”

मग मी खोट्या फुल्या मारायला लागलो. मॅडमनी दुसऱ्याच दिवशी पकडलं. पेपर तपासण्यात हयात गेलेली बाई!

“कॉपी करून पास होणारे पुष्कळ पाहिले. नापास होणारा तू पहिलाच.”

*

त्यावर मॅडमनीच तोडगा काढला. “शेवटचं प्रकरण तू लिही. विषय, ‘निवड’. वाचायला नवा माणूस आणू. तीनच्या वर फुल्या आल्या तर प्रकरण बाद.”

“आणि मी?”

“तूही.”

आठ वेळा लिहिलं. उदाहरण म्हणून एक मुलगा घेतला, कॉलेज सोडणारा. समजून सोडतो की घाबरून, ठरवतं कोण, सगळं मांडलं. झोप नाही, भूक नाही.

पण नवा वाचक मिळेना. मावशींना विचारलं तर म्हणाल्या, “मला कशाला? मी पेच आहे ना!”

शेवटी सरांनी मला न विचारता माझ्या घरी फोन केला. विचारतील कशाला? मोठे ना ते!

आणि बाबा आले.

*

बाबा मार्केट यार्डात तोलणार आहेत, दिवसभर कांद्याच्या गोण्यांचं वजन करतात. कामावरून तसेच आले होते. सोफ्याच्या कडेला बसले, चष्मा लावला. मॅडमनी पेन्सिल दिली. मी दारापाशी उभा.

ते ओळीखाली बोट धरून वाचत होते. तिसऱ्या पानावर पेन्सिल कागदाला टेकली. थांबली.

“सर, फुली कळलं न्हाई तिथंच मारायची ना?”

“हो.”

“आन् पटलं न्हाई तिथं?”

“तिथं नाही मारायची.”

“बरं.”

पेन्सिल उचलली. पुढं वाचत राहिले. शेवटच्या पानापर्यंत एकही फुली नाही.

सरांना राहवेना. “म्हणजे सगळं कळलं?”

“कळलं की. सोपं हाय.”

कागद नीट जुळवून त्यांनी टीपॉयवर ठेवले. चष्मा काढला. माझ्याकडं बघितलं.

“पोरगा कॉलेज सोडून भाईर पडला, हितवर समजलं. मग रोज जेवायला कुठं येत व्हता, ते का न्हाई लिहिलंस?”