तोळ्याला पुरा उतरलेला रुपया

नवशिक्या सोनाराने चांदी कशाच्या भरवशावर घ्यावी, या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी मी हे लिहीत आहे. उत्तर मला मिळाले. त्यापायी संसार मात्र एका मुलीचा मोडला.

दुसऱ्या महायुद्धाच्या लढाईची ती वर्षे. आमगावात सोनारकाम करणारे माझे थोरले बंधू तापाने वारले, तेव्हा मी शाळामास्तर होतो. वहिनींचे घर चालावे म्हणून मी शाळा सोडली आणि लहानपणी वडिलांच्या हाताखाली शिकलो होतो तेवढ्या विद्येवर भट्टीपुढे बसलो. बंधूंची ऐरण, चिमटे, फुंकणी, कानशी शाबूत होत्या. मी नवा घेतला तो केवळ पितळी काटा. कसोटीच्या दगडाला पारखणारा डोळा लागतो. काट्याला लागत नाही, असा माझा तर्क होता.

पहिले काम एका पोवार शेतकऱ्याने दिले. मुलीच्या लग्नासाठी पायातले तोडे हवे होते. आमच्याकडे अशा कामासाठी रुपये वितळवीत. शिक्क्याची चांदी खरी, ही सर्वांचीच समजूत. गोंदियाच्या सराफाने जुने झिजलेले आणि नवे कोरे रुपये पुढे ठेवले.

"पुराना लीजिए, मास्टरजी. थोड़ा ज्यादा लगेगा."

झिजलेले, आणि वर महाग! मी काटा काढला. जुना प्रत्येक रुपया तोळ्याला गुंजभर कमी भरला. नवा बरोबर तोळाभर उतरला.

"मर्जी आपकी," सराफ हसला. "तराजू भी आपका."

मी नवे घेतले. ठोकताना पत्रा ताठर लागला, कडेला चिरला. हात कच्चा, असे मी स्वतःला समजावले. चिंचेच्या पाण्यात उकळल्यावर तोडे पांढरेशुभ्र निघाले आणि लग्न पार पडले.

दोन महिन्यांत मुलीचे घोटे काळे पडले. सासरच्या सोनाराने तोड्याचा तुकडा निखाऱ्यावर लाल करून गार होऊ दिला. तो कोळशासारखा काळा झाला. लढाईतल्या नव्या रुपयात चांदी निम्मीच होती; बाकी बहुतेक तांबे, आणि चिंचेच्या पाण्याने ते फक्त वरवरचे काढले होते. बापाने फसवले म्हणून सासऱ्याने मुलीला माहेरी आणून सोडले.

मी तिच्या बापाबरोबर सासऱ्याकडे गेलो. चूक माझी, असे सांगितले.

"काऊन त्याचं पाप आपल्या डोक्यावर घेऊन राहिले, गुरुजी?" सासरा म्हणाला. "त्यानंच सांगतलं असन तुमाले."

"नाही. मी एकेक रुपया तोलून घेतला होता."

"तोलून? दगडबी तोळाभर भरते ना बाप्पा! पोराइले असंच शिकवत होते काय?"

अंगणातली माणसे हसली. मुलीचा बाप खाली पाहत उभा होता.

"जुन्या रुपयांचे नवे तोडे करून देतो," मी म्हणालो. "मुलीला परत घ्या."

"तोडे पोचवा तिच्या बापाकडे. आमाले कायले?"

त्याच वर्षी त्याने मुलाचे दुसरे लग्न लावले. मी तोडे घडवून पोचवले. तिने ते पायात घातले नाहीत. पुढे पावसाळ्यात बापाच्या धानाच्या बांधीत ती रोपांचा रोवणा करताना दिसे. मला पाहून ती पाठ फिरवी.

म्हणून वजनावर, शिक्क्यावर किंवा विकणाऱ्याच्या शब्दावर चांदी घेऊ नये, तापवून घ्यावी, हे माझे उत्तर. तेही तपासल्यावाचून मानू नये. एक जुना आणि एक लढाईतला रुपया घ्यावा, दोहोंचे तुकडे निखाऱ्यावर लाल करून गार होऊ द्यावेत, आणि रंग स्वतः पाहावा, ही वाचकांना विनंती.