हाळी लवूची, जोत नर्मदेचे

भेरलेवाडीत तेव्हा तेवीस घरे होती आणि तेवीस घरांत मिळून जोताला हात लावू शकतील असे पुरुष चार. बाकीचे मुंबईत. कोणी गिरणीत, कोणी गोदीत, कोणी पारशाच्या घरी स्वयंपाकाला. मालवणच्या बंदरात बोट लागायची, पोरगे मिसरूड फुटायच्या आधी तिच्यात चढायचे आणि मग शिमग्याला नाहीतर गणपतीला चार दिवस पाहुण्यासारखे यायचे. पाठीमागे उरायची ती म्हातारी माणसे, पोरे आणि बाया.

एकसष्टच्या फेब्रुवारीत सरकारने ही उरलेली माणसे मोजली. मोजणारा नर्मदेच्या दारात आला तेव्हा ती डोंगरावरून कवळाचा चौथा भारा आणून खळ्यात टाकत होती. शेत भाजायला कवळ, म्हणजे तोडलेल्या डहाळ्या, लागतात. तिच्या केसांत पाला, मानेवर ओरखडे.

"घरातला कर्ता कोण?" त्याने विचारले.

"हरिश्चंद्र. मुंबयत आसा, गिरणीत."

"आणि तुम्ही काय करता?"

नर्मदेने भाऱ्याकडे पाहिले, गोठ्याकडे पाहिले. कुठून सुरुवात करावी हे तिला कळेना. तेवढ्यात त्याने "घरकाम" असे लिहिले आणि तो पुढच्या घराकडे वळला.

ही नर्मदा म्हणजे कोणी मोठी बाई नव्हे. चौतीस वर्षांची, सावळी, उंच, दोन मुलींची आई. तिच्यावर कोणी पोवाडा रचणार नाही. पण ती कोण होती हे आमच्या वाडीतल्या मातीला ठाऊक आहे, आणि ज्यांना ठाऊक असून ते गप्प बसले त्यांच्यासाठी मी हे सांगतो आहे.

आमच्याकडे बाईने जोत धरायचे नाही. तरवा, म्हणजे भाताची रोपे, उपटायचा, लावणी करायची, कापायचे, झोडायचे, डोक्यावरून वाहायचे, हे सगळे बाईने करायचे. पण बैलांच्या मागे उभे राहून नांगराच्या रुमण्याला, म्हणजे मुठीला, हात लावला, की पाऊस फिरतो आणि गावावर देवाचा कोप होतो, असे सांगत. सांगणारे सगळे पुरुष. त्यांतले बरेचसे मुंबईत राहून सांगत.

म्हणून वाडीतली सात घरे एकटा लवू नांगरून द्यायचा. साठीचा माणूस, वाळलेल्या माडासारखा, पण आवाज असा की त्याने बैलांना हाळी दिली की खाडीपलीकडे ऐकू जाई. छप्पन्न सालच्या पावसात नर्मदेच्याच भाताच्या कुणग्यात नांगराचा फाळ त्याच्या उजव्या पायात गेला. तीन बोटे तुटली. पाय भोपळ्यासारखा सुजला. आणि तरवा तर लावणीला तयार. अजून आठवडा गेला असता तर पिवळा पडून फुकट गेला असता. दुसऱ्या वाडीतला जोतकरी मिळेना, कारण तिथेही माणसे नव्हतीच.

तेव्हा नर्मदेची सासू काशीबाई अंथरुणावरून म्हणाली, "तुझ्या घोवाची, हरग्याची घोंगडी काढ. डोक्यावरसून घेतलंस की बाई काय आणि बुवा काय, कोणाक कळता?"

"आये, पाप लागात."

"लागला तर माका लागांदे. माझे दिवस कितके रवले? तरवो कुसलो तर चेडवांच्या ताटात काय वाढशीत, पाप?"

फटफटायच्या सुमाराला नर्मदा घोंगडीची खोळ घेऊन चिखलात उतरली. बांधावर इरल्याखाली पाय लांब करून लवू बसला होता. त्याला वाडीतल्या दोघी बायांनी हाताला धरून आणले होते.

"मी आरडतंय, तू धर," लवू म्हणाला. "पाय गेलो. गळो खंय गेलो?"

आणि त्याने हाळी दिली. बैल ती हाळी ओळखत होते, ते चालू लागले. पहिल्या तासाला, म्हणजे नांगराच्या पहिल्या रेघेला, रुमणे नर्मदेच्या हातून दोनदा निसटले. "भार दी नको गो! उजवो वडता तेका आवर. तुझ्या घोवाक आवरतंस तसो नाय, नायतर तोय मुंबयक पळात!" लवू ओरडला. नर्मदा चिखलात उभी राहून हसली. त्या पावसात ती एवढीच हसली असेल.

असे पाच पावसाळे गेले. काशीबाई मधे वारली. लवूचा पाय बरा झाला, पण चिखलात टिकेना. हाळी त्याची, जोत तिचे. बाकीच्या सहा घरांची शेते इकडून तिकडून जोतकरी आणून कशीबशी व्हायची. वाडीतल्या प्रत्येक बाईला खरे काय ते माहीत होते. सगळ्याजणी म्हणत, "लवू नांगरता." हे खोटे त्यांनी प्रेमाने सांभाळले, आणि त्याच खोट्याने घात केला.

शेत गुरुदास भाटकाराचे होते. भाटकार म्हणजे जमिनीचा मालक. हा मालक गिरगावात राहायचा आणि मे महिन्यात आंबे खायला गावात यायचा. हरिश्चंद्राच्या बापापासून शेत नर्मदेच्या घराकडे कुळाने होते. कसणाऱ्याची जमीन करणारा कायदा आला तेव्हा भाटकाराने अर्ज केला, की कूळ हरिश्चंद्र तेरा वर्षे मुंबईत आहे, तो शेत कसत नाही. शेत मी माझ्या माणसाकरवी, लवूकरवी, कसवून घेतो. साऱ्या वाडीला विचारा.

लवू खरोखरच भाटकाराच्या माडाच्या बागेत झोपडी बांधून राहत होता. आणि साऱ्या वाडीला विचारले तर सारी वाडी काय सांगणार, हे भाटकाराला पक्के माहीत होते.

नर्मदेने शिवा मास्तरांकरवी नवऱ्याला पत्र घातले. उलट टपाली उत्तर आले. मास्तरांनी ते पडवीत बसून वाचले.

"सौ. नर्मदा हीस अनेक आशीर्वाद. विशेष, तारखेला कचेरीत हजर राहावे. परंतु जोताचा विषय तेथे काढू नये. येथे एका खोलीत आपल्या गावचे अठ्ठावीस गडी राहतो. उद्या कोणी म्हणाले की तुझ्या बायकोने जोत धरले, तर मला तोंड दाखवायला जागा उरणार नाही. लवू नांगरतो असेच सांगावे."

नर्मदेने हातातले सूप खाली ठेवले. मग म्हणाली, "लवू नांगरता म्हणान सांगलंय तर शेत गेला. ह्या तेका कळणा नाय?"

"मी फक्त वाचून दाखवतंय गो बाय," मास्तर म्हणाले.

"खोलीत अठ्ठावीस गडी! अठ्ठावीस गड्यांची लाज माझ्या डोक्यार. त्यांतलो एक जरी मिरगाच्या पावसाक येवन उबो रवलो असतो, तर माका घोंगडी कित्याक घेवची लागली असती?"

मास्तरांनी पत्राची घडी घातली.

मे महिन्यात तारीख लागली. तालुक्याच्या कचेरीत घाटावरचे एक तरुण साहेब बसले होते. त्यांना मालवणी अर्धी कळायची, उरलेली कारकून सांगायचा. भाटकार इस्त्रीच्या कोटात. त्याच्या वकिलाने पहिली साक्ष नर्मदेच्या शेजारणीची, सुगंधेची काढली. सुगंधेचे घर भाटकाराच्याच जमिनीवर होते.

"शेत कोण नांगरतो?" वकिलाने विचारले.

सुगंधेने पदर दातात धरला. "हाळी लवूची आयकतंव आमी."

"आणि जोत कोणाच्या हातात असतं?" साहेबांनी विचारले.

"धुक्यात दिसणा नाय, सायबा."

याच सुगंधेने पाच वर्षे लावणीच्या रांगेत नर्मदेच्या खांद्याला खांदा लावून, तिनेच नांगरलेल्या चिखलात रोपे रोवली होती. नर्मदा उठून उभी राहिली. कचेरीतली भाषा तिने घरून घोकून आणली होती.

"साहेब, जोत मी धरते. पाच पावसाळे झाले."

मागे बसलेली माणसे हसली. कारकून म्हणाला, "बाई, नीट सांगा. जोत धरते म्हणजे बैलांना चारा घालते, असंच ना?"

"चारोय घालतंय आणि जोतय धरतंय!" घोकलेली भाषा गळून पडली. "तासाक तास लावन धरतंय. ह्ये हात बघा."

भाटकार उभा राहिला. "काय बोलतंस ह्या? बाईमाणूस जोत धरता? गावाची लाज वेशीर टांगतंस? देवाक काय वाटात?"

"भाटकारानू, देव थयसरच रवता, तेना सगळा बघल्यान. तुमी खंय रवतास?"

भाटकाराने वकिलाकडे पाहिले.

"बोला मां! तुमी गिरगावात. माझो घोव लालबागात. दोघांय मुंबयत. तो मुंबयत आसा म्हणान तेचा शेत सुटता, आणि तुमी मुंबयत आसास तरी तुमचा रवता! ह्यो खंयचो न्याय? ह्या शेतात तुमचो पाय कधी बुडालो? सांगा, चिखल गरम लागता काय थंड?"

साहेबांनी हात वर करून तिला थांबवले. हे सगळे त्यांना कारकुनाशिवाय कळले होते. ते शांतपणे म्हणाले, "घरच्या माणसाने कसलं तर कायद्याने ते कुळानेच कसलं. तेव्हा प्रश्न एवढाच, हिने नांगरलं की लवूने. लवूला बोलवा."

लवू लंगडत पुढे आला. भाटकार हळूच म्हणाला, "लवू, तुझा घर खंय आसा ता आठव आणि मगे बोल."

"आठवतंय," लवू म्हणाला. "म्हणानच इतकी वर्सा गप रवलंय." त्याने वहाण काढली आणि उजवा पाय साहेबांच्या टेबलासमोर पुढे केला. दोनच बोटे, आणि बाकी पांढरा, चकाकणारा व्रण. "सायबानू, ह्या पायान मी चिखलात उबो रवान काय? मी बांधार बसान आरडतंय. जोत ह्या चेडवाचा. माझ्यापेक्षा सरळ तास घालता, ह्या सांगाक माका लाज वाटता, पण खरा आसा."

बाहेर आल्यावर सुगंधा मागून धावत आली. "नर्मदे, रागावलंस?"

"नाय गो. तू हाळी आयकीत रव," नर्मदा म्हणाली आणि चालू लागली.

पंधरा दिवसांत भाटकाराने लवूची झोपडी मोडली. नर्मदेने त्याला आपल्या पडवीत जागा दिली. देवळात बैठक बसली. मुंबईहून आलेल्या गावकऱ्यांनी ठरवले, की नर्मदेने देवापुढे नारळ ठेवून चूक कबूल करावी, नाहीतर यंदा पाऊस फिरेल. तिने नारळ ठेवला नाही. ठरवणारे पावसाळ्याआधीच्या शेवटच्या बोटीने मुंबईला निघून गेले. पाऊस त्यांच्या मागोमाग, वेळेवर आला. त्याने कोणाला विचारले नाही. नर्मदेने त्या वर्षी दिवसाढवळ्या नांगरले, उघड्या डोक्याने. येणारेजाणारे मान वळवून जात. वळवोत.

निकाल लागला तो श्रावणात. शेत राहिले. कागद घ्यायला नर्मदा कचेरीत गेली तेव्हा कारकुनाने तो वाचून दाखवला. जमीन अमुक, चतुःसीमा अमुक, खरेदीदार कूळ हरिश्चंद्र.

"आणि माझा नाव?"

"कूळ तो आहे, बाई. तुम्ही त्याची बायको, म्हणजे तुमचंच झालं की."

"मगे जोतय तेचाच झाला," नर्मदा म्हणाली. कारकून हसला. ती विनोद करत नव्हती.

घरी आली तर पत्र येऊन पडलेले. मास्तरांनी वाचले. हरिश्चंद्राला निकाल कुणाकडून तरी कळला होता. त्याने लिहिले होते, की झाले ते झाले, कागद रजिस्टर टपालाने इकडे पाठवावा, खोलीत सर्वांना दाखवायचा आहे.

"लिवा उत्तर," नर्मदा म्हणाली. ती उभीच होती. "लिवा. शेत रवला. कागद माझ्या पेटयेत आसा, तो पाठवूचंय नाय. बघूचो आसात तर तुमी येवा. येशात तर मिरगाक येवा, गणपतीक नको."

मास्तरांची लेखणी थांबली. "नवऱ्याक असा लिवतंस?"

"मी सांगतंय. तुमी फक्त लिवतास."

मास्तरांनी लिहिले. शाई वाळू दिली. ती म्हणाली, वाचून दाखवा. त्यांनी वाचले. सगळे जसेच्या तसे होते, पण शेवटी त्यांनी सवयीने, प्रत्येक बाईच्या पत्राला लावतात तशी, एक ओळ लावली होती. आपली आज्ञाधारक पत्नी, नर्मदा.

"ता खोडा."

"अगो, रीत आसा ती."

"खोडा, मास्तर."

मास्तरांनी आज्ञाधारक खोडले. तिने मान हलवली नाही. त्यांनी पत्नी खोडले, मग आपली खोडले. शेवटी त्या काळ्या रेघांच्या पुढे एक नाव उरले. ते तिने बोट ठेवून दोनदा वाचून घेतले, आणि मग टपालात टाकायला सांगितले.