भाटकाराच्या अंगणातला खेळ

कार्निव्हलच्या शेवटच्या दुपारी आमच्या गावची खेळकरी मंडळी गावचा जमीनमालक, भाटकार, याच्या अंगणात आली. भाटकाराच्याच जमिनीवर राहणारा मिंगेल तोंडाला पीठ फासून खेळात भाटकार झाला होता. पोट पुढे काढून तो स्वतःलाच ओरडला, “ए मिंगेल, घर खाली कर! तिथे माझं हॉटेल होणार आहे!” घर सोडायची तशी नोटीस मिंगेलला खरीच आली होती. सगळ्यांत मोठ्याने खरा भाटकार हसला. “अरे, माझ्यापेक्षा तूच बरा भाटकार!” म्हणत त्याने फेणीची बाटली पुढे केली.

उपासाचे चाळीस दिवस लागण्याआधी गुलामांनाही धन्याची टिंगल करायची मुभा असे, असे जुनी माणसे सांगतात. पण मुभा देणारा धनीच ना! वर्षभराचा राग तीन दिवसांत हसून संपतो, हे त्याने कधीच ओळखले होते. दान मिळालेल्या राज्यातून बंड उभे राहत नाही.

बुधवारी, उपास लागला त्या दिवशी, चर्चमध्ये पाद्रीने दोघांच्याही कपाळाला एकाच वाटीतली राख लावली. मिंगेलच्या कानामागे पीठ अजून होते. बाहेर येऊन घातलेली टोपी त्याने भाटकारापुढे पुन्हा काढली.

“पात्रांव, पावसाळा संपेपर्यंत तरी राहू द्या.”

या वेळी भाटकार हसला नाही.