पुस्तक समोरच्याकडे तोंड करून ठेवणारे अप्पा सर

आमच्या अप्पा सरांची आणि माझी ओळख माझ्या फजितीने झाली. पदविकेच्या शेवटच्या वर्षाला होते मी, यंत्रशाखेच्या वर्गात एकटीच मुलगी. पूर्णेहून गाडीने यायचे, पहिल्या बाकावर बसायचे आणि कोणाशी फारसे न बोलता संध्याकाळी परत जायचे. मशीन डिझाइनच्या पहिल्याच तासाला प्रा. मन्मथअप्पा उदगिरे सरांनी शाफ्टला चाक पक्के बसवणाऱ्या लोखंडी चावीचे माप विचारले. मी उभी राहिले आणि अख्खा तक्ता घडाघडा म्हणून दाखवला. वाटले, आता शाबासकी मिळणार.

"पाठ कशाला केलंस बाई?" सर म्हणाले. "पुस्तक कुठं पळून जायलंय का?"

वर्ग खो खो हसला. मला रडू यायचेच बाकी होते. तेवढ्यात सर माझ्या बाकाशी आले, जाडजूड पुस्तक माझ्याकडे तोंड करून उघडले आणि त्या ओळीवर बोट ठेवून स्वतः उलट्या बाजूने वाचू लागले. पुढे कळले की सरांची ही रीतच आहे. उत्तर तोंडपाठ असले तरी पुस्तक उघडायचे आणि ते नेहमी समोरच्याला सुलट दिसेल असे ठेवायचे. इतक्या वर्षांत त्यांना उलटी अक्षरे सुलट अक्षरांइतकीच भराभर वाचता येऊ लागली होती. त्या वर्षी माझ्याशी नीट बोललेले माणूस म्हणजे सर, आणि सोबत म्हणाल तर ते पुस्तक. गाडीतही मांडीवर तेच असायचे.

खंडेनवमीला आमच्या कार्यशाळेत लेथला हार घालून हत्यारांची पूजा होई. तिथे पान्यांच्या रांगेत सर डिझाइनचे पुस्तक नेऊन मांडत. सहकारी चिडवायचे, "अप्पा, पुस्तकांचा नंबर उद्या दसऱ्याला!" सर हसून म्हणत, ती सरस्वतीची पुस्तके वेगळी, हे हत्यार आहे. मग त्यावर हळदीकुंकू वाहत. दसरा झाला की तेच डाग पडलेले पुस्तक वर्गात येई. माझ्या लग्नातही सरांनी आहेर म्हणून मशीन डिझाइनचे पुस्तक दिले. सासूबाई ते उलटून पालटून बघत राहिल्या. पोथी असेल अशी त्यांची समजूत झाली असावी. काही का असेना, त्यांनी ते जपून कपाटात ठेवले. पुढे मी आणि यजमानांनी परभणीत मळणीयंत्रे बनवायचा लहानसा कारखाना काढला, तेव्हा ते बाहेर आले ते आजपर्यंत परत कपाटात गेलेले नाही.

पुस्तक परीक्षेपुरते असते असे ज्यांना वाटते त्यांच्यासाठी एक प्रसंग सांगते. आमचे मळणीयंत्र घेतलेले गंगाखेडकडचे एक शेतकरी तणतणत आले. "मॅडम, तुमची पिन लय कच्ची हाय. चार पोती निघाली की तुटायलीय. पोलादाची द्या." आमच्या फोरमननेही मान डोलावली. मी ड्रॉइंग घेऊन सरांकडे गेले. सरांनी पुस्तक माझ्याकडे फिरवले, शिअर पिनचे पान काढले आणि माझ्याचकडून गणित मांडून घेतले. पिन बरोबर होती. ती तुटण्यासाठीच बसवलेली असते. यंत्रावर फार जोर आला की आधी तिने जायचे, म्हणजे गिअरबॉक्स वाचतो. मग सरांनी विचारले, की सोयाबीन वाळलेले होते का? त्या शेतकऱ्यांना फोन केला तर माल ओलाच घातलेला! पोलादी पिन दिली असती तर ऐन सुगीत त्यांचा गिअरबॉक्स फुटला असता आणि वर माझे नाव खराब झाले असते. तेव्हापासून आमच्या प्रत्येक यंत्राला जास्तीच्या पिनांची पिशवी बांधलेली असते.

आता जे लिहिते ते सरांच्या या गौरवग्रंथात शोभेल की नाही, ठाऊक नाही. संपादकांना वाटले तर काढून टाकावे.

सरांच्या पत्नी, आमच्या काकू, गेल्यापासून सर घरात एकटे असतात. मुलगा बेंगळुरूला आहे, भला आहे, दिवाळीनंतर त्यांना कायमचे घेऊन जायचे म्हणतो. सरांना जायचे नाही. पण नाही म्हणायला कारण काय सांगायचे, म्हणून हो म्हणून बसलेत. पूर्वी त्यांच्या ओसरीवर चपलांचा ढीग असे. आता पोरांना उत्तर फोनवर मिळते. मिळू दे, त्यांचा दोष नाही. पण मागच्या महिन्यात सरांच्या सत्काराची तारीख ठरवायला गेले तेव्हा सर टेबलाशी वाचत बसले होते, आणि पुस्तकाचे तोंड त्यांच्याकडे नव्हते, समोरच्या रिकाम्या खुर्चीकडे होते.

शाल, श्रीफळ, मानपत्र सगळे सांगून झाले. सरांनी ऐकून घेतले. मग म्हणाले, "ते राहू दे. कोणाचं काही तुटलंय का, ते सांग."

माझे तेव्हा काहीच तुटलेले नव्हते. तरी मी ठोकून दिले, की नव्या यंत्राचे बेअरिंग फार तापते. सर खुर्चीत सरसावून बसले. चष्मा पुसला. भार किती, फेरे किती, वंगण कोणते, सगळे विचारले, मी सुचेल ते सांगत गेले. पाने उलटली, गणित मांडले, बोट एका आकड्यावर थांबले.

"एवढ्या भाराला हे बेअरिंग तापत नसतं बाई," सर म्हणाले.

मी मान खाली घातली. रागावतील वाटले. रागावले नाहीत.

"खोटा का होईना, प्रश्न आणलास," ते म्हणाले. "बाकीची पोरं काय करायलीत आता?"

सरांच्या विद्यार्थ्यांनो, याचे उत्तर तुम्हीच द्यायचे आहे. पाथरी, पूर्णा, गंगाखेड, पुणे, दुबई, जिथे कुठे असाल तिथे तुमच्या कारखान्यात काही ना काही तुटतच असेल. अप्पा सरांना उदंड आणि निरोगी आयुष्य लाभो, हात-डोळे असेच चालोत, अशी प्रार्थना आपण सगळेच करू. पण त्यांच्या मुलाने दिवाळीनंतरची तिकिटे काढून ठेवली आहेत. त्याआधी या. सत्काराला नाही आलात तरी चालेल, सरांच्या घरी या, आणि खरा प्रश्न घेऊन या.